‘यमुनापर्यटन’ : आमच्या वाचनमंडळाच्या निमित्ताने

आमच्या धर्मग्रामात गेली काही वर्षे एक लहानसे वाचनमंडळ चालते. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सायंकाळची मिस्सा आटोपल्यावर, बारा-पंधरा माणसे सभागृहात जमतात. चहा होतो आणि मग ठरलेल्या पुस्तकातील एखादा भाग मोठ्याने वाचून त्यावर बोलणे होते. पुस्तक मराठी असावे आणि ते सभासदांनी पाळीपाळीने निवडावे, एवढेच दोन नियम. मंडळाची प्रगती कळवावी म्हणून हा लेख लिहीत नाही. एका निवडीने आम्हां सर्वांना, त्यातही मला, जेथे आणून उभे केले त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी आणि ओघाने त्या पुस्तकाचा इतिहासही सांगावा, एवढाच हेतू आहे.

आरंभी आम्ही लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचली. ती कोणी निवडली हे आता आठवत नाही, कारण ती सर्वांनाच हवी होती. पाठोपाठ फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘ओअॅसिसच्या शोधात’ घेतले. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद एका कॅथलिक धर्मगुरूला लाभले, याचा अभिमान आमच्या मंडळींत अजून ताजा होता. 2024 च्या जुलैत फादर निवर्तले तेव्हा त्याच सभागृहात आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना केली. त्यानंतर मी स्वतः ‘ख्रिस्तपुराण’ सुचविले आणि माझी निवड साफ फसली. फादर थॉमस स्टीफन्स यांचा 1616 साली रायतूर येथे छापलेला हा ग्रंथ सुमारे अकरा हजार ओव्यांचा. फादर नेल्सन फलकाव यांचे आजच्या मराठीतील भाषांतर हाताशी असूनही चार बैठकांत आम्ही आदाम-एवेच्या पलीकडे फारसे गेलो नाही. महिन्यातून एकदा, दीड तासात, पेलावा असा तो ग्रंथ नव्हे. पूर्वी तो उपवासकाळात घराघरांतून रोज थोडाथोडा ऐकला जात असे, आणि ते ऐकणारेही निराळे होते. असो.

मग पाळी आली एका निवृत्त शिक्षिकाबाईंची. त्यांनी बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ निवडले. नाव ऐकताच नाराजी उमटली. एकाने विचारले, “बाई, हे प्रवासवर्णन आहे का?” दुसऱ्याला लेखकाचे नाव ठाऊक होते, तो म्हणाला, “पण ते तर प्रॉटेस्टंट.” पुस्तक मिळविणे हेही एक कामच झाले. अखेर बाईंच्या भाच्याने त्याची जुनी प्रत मोबाईलवर उतरवून घेतली, तिच्या झेरॉक्स काढल्या, आणि आम्ही वाचावयास बसलो.

‘ते तर प्रॉटेस्टंट’ हा उद्गार आज क्षुल्लक वाटतो. कोल्हापुरात तर वाटतोच. येथे 1852 मध्ये रेव्हरंड रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आले. या शहरातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग त्या मिशनच्या परंपरेतून आलेला असल्यामुळे आपल्या कित्येक कॅथलिक कुटुंबांचे मामा, मावश्या, व्याही प्रॉटेस्टंट आहेत. परंतु ग्रंथांच्या बाबतीत ही भिंत पुष्कळ काळ उभी होती, हे विसरता कामा नये. निषिद्ध ग्रंथांची यादी ख्रिस्तसभेने 1559 पासून चालविली होती. 1917 च्या धर्मविधिसंहितेनुसार, कॅथलिकेतर लेखकाचे धर्मविषयक पुस्तक, त्यात श्रद्धेच्या विरुद्ध काही नाही अशी खात्री असल्यावाचून, वाचण्यास मनाई होती. ती यादी संपुष्टात आली 1966 साली, म्हणजे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर. मराठी ख्रिस्ती साहित्याचे एकोणिसाव्या शतकातील भांडार बहुतांशी प्रॉटेस्टंट लेखणीतून उतरलेले असल्यामुळे आपल्या आजोबा-पणजोबांच्या फडताळात ते का नव्हते, याचे एक उत्तर येथे मिळते. मराठी वाचणारे कॅथलिक मुळात थोडे होते, हे दुसरे उत्तर. ते अधिक कटू आहे.

बाबा पदमनजी हे तसे आपल्या शेजारचेच. 1831 साली बेळगावात, एका कासार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. (कासार म्हटले की आपल्याकडील स्त्रियांना बांगड्याच आठवतात, त्या ज्ञातीत तांब्यापितळेचे काम करणारेही असत.) बेळगावच्या मिशन शाळेत आणि पुढे मुंबईस त्यांचे शिक्षण झाले. मुंबईत जातिभेद न मानणाऱ्या, पण गुप्तपणे भरणाऱ्या परमहंस सभेत ते जात. चोरून जात मोडण्यात त्यांचे मन रमले नाही, आणि 1854 मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढील अर्धशतकात त्यांनी लहानमोठी शंभरच्या आसपास पुस्तके लिहिली, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्ती सिद्ध केली, ‘अरुणोदय’ या नावाने आत्मचरित्र लिहिले. 1906 साली ते वारले. ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले 1857 मध्ये. तेव्हा लेखकाचे वय सव्वीस होते.

त्या सालाचे नाव काढताच आपल्याला बंड आठवते. मराठी स्त्रीच्या इतिहासात मात्र त्याच्या आदले वर्ष अधिक महत्त्वाचे आहे, कारण 1856 मध्ये हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. पण त्याच कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्कही काढून घेतला. म्हणजे वाट मोकळी झाली आणि वाटखर्च हिरावला गेला. अशा वेळी हे पुस्तक आले.

त्याचे कथानक चार वाक्यांत सांगता येते. यमुना ही शिकलेली तरुणी आणि विनायक हा तिचा पती. दोघांचाही ओढा ख्रिस्ताकडे आहे. ते प्रवासास निघतात आणि जागोजागी त्यांना निरनिराळ्या जातींच्या विधवा भेटतात. प्रत्येकीची कर्मकहाणी हाच पुस्तकाचा खरा मजकूर. पुढे विनायक अपघातात मरण पावतो, जे यमुनेने दुसऱ्यांच्या घरी पाहिले ते आता तिच्या वाट्यास येते, आणि अखेर ती ख्रिस्ती होऊन एका ख्रिस्ती तरुणाशी पुनर्विवाह करते.

मराठीतील ही पहिली कादंबरी असे पुष्कळ अभ्यासक मानतात. काहींना ते मान्य नाही. धर्मप्रसारासाठी रचलेल्या गोष्टींची ही माळ, हिला कादंबरी का म्हणावे, असा त्यांचा प्रश्न असतो. या वादात शिरण्याचा माझा अधिकार नाही. तरीही एक गोष्ट नजरेत भरते. यानंतर चार वर्षांनी, 1861 मध्ये, हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, आणि मराठी कादंबरी बराच काळ राजपुत्र, राजकन्या, अरण्ये आणि अद्भुत योगायोग यांतच हरवून गेली. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ 1893 मध्ये पुस्तकरूपाने येईपर्यंत केशवपन झालेली तरुण विधवा कादंबरीच्या केंद्रस्थानी फारशी परतली नाही. हरिभाऊंच्या त्या नायिकेचेही नाव यमूच आहे. हा योगायोग असेल किंवा नसेलही. हरिभाऊंची यमू आपली कहाणी स्वतः सांगते आणि वाचकाचा गळा दाटतो. पदमनजींच्या यमुनेमागे लेखक सतत उभा असतो, आणि तो बोलावयास लागला की थांबत नाही. आमच्या मंडळातील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने पहिल्याच बैठकीत म्हटले, “फादर, हे रविवारच्या प्रवचनापेक्षा लांब आहे.” मी ते निमूटपणे ऐकून घेतले.

दुसऱ्या बैठकीत मात्र एक निराळी गोष्ट ध्यानात आली. पुरुष मंडळी कंटाळली होती. स्त्रिया कंटाळल्या नव्हत्या. लेखकाचा उपदेश सुरू झाला की त्या पदर सावरीत, एकमेकींशी कुजबुजत. आणि एखादी विधवा बोलू लागली की सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावे अशी शांतता पसरे. हे पुस्तक मनात वाचावयाचे नसून ऐकावयाचे आहे, आणि त्याचे श्रोते कोण हे पदमनजींना पक्के ठाऊक होते, असे मला तेव्हा वाटले.

त्याच बैठकीत वर उल्लेख केलेल्या तरुणाने प्रश्न विचारला. हा सारा हिंदू समाजातील उच्चवर्णीयांचा जुना प्रश्न. तो आपण आज, आणि तेही चर्चच्या सभागृहात, का वाचावा? आपल्यात विधवेने पुनर्विवाह करण्यास कधीच बंदी नव्हती. त्याचे म्हणणे शास्त्रदृष्ट्या बिनचूक होते. पतीच्या मृत्यूनंतर पत्नी विवाहबंधनातून मुक्त होते, हे संत पौलाने रोमकरांस आणि करिंथकरांस स्पष्टपणे लिहिले आहे. आरंभीच्या ख्रिस्तसभेत विधवांचा सन्मान्य वर्ग होता. त्यांच्या रोजच्या अन्नवाटपाकडे दुर्लक्ष होते अशी तक्रार आली म्हणून प्रेषितांनी सात सेवक नेमले, हे ‘प्रेषितांची कृत्ये’ मध्ये आपण वाचतो. नाईन गावच्या वेशीवर प्रभू थांबले ते एका विधवेसाठी. हे सर्व मी त्या तरुणाला मोठ्या उत्साहाने सांगितले. आज आठवले म्हणजे संकोच वाटतो, कारण मी त्याच्या प्रश्नाचे उत्तर न देता त्याला दुजोराच देत होतो.

शिक्षिकाबाईंनी विषय कोल्हापुरावर आणला. राजर्षी शाहू छत्रपतींनी 1917 मध्ये आपल्या संस्थानात विधवाविवाहाचा आणि त्याच्या नोंदणीचा कायदा केला. त्याच वर्षी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, 4 मे 2022 रोजी, आपल्याच जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की, पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात. त्याच महिन्याच्या 17 तारखेस राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्यास सांगितले. म्हणजे ‘यमुनापर्यटन’ नंतर 165 वर्षांनी, आणि शाहू महाराजांच्या कायद्यानंतर 105 वर्षांनी, एका गावाला हा ठराव करण्याची गरज वाटली. बाई म्हणाल्या, “प्रश्न जुना असता तर ठराव कशाला लागला असता?” तरुणाने मान डोलावली, पण तोही हिंदू समाजाचाच प्रश्न, असे त्याचे मत त्याच्या मुद्रेवर दिसत होते. खरे सांगायचे तर माझ्याही मुद्रेवर तेच असावे.

तिसऱ्या बैठकीत यमुनेच्या वैधव्याचा भाग आला. वाचन संपल्यावर कोणी बोलेना. आमच्या मंडळात एक आजी येतात. त्यांना वाचता बेताचेच येते, पण त्यांची बैठक सहसा चुकत नाही. तोपर्यंत त्या कधी बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “फादर, मालक गेले तवा तुमी मातीवरनं घरला आलासा, प्रार्थना सांगितलीसा आणि गेलासा. त्येच्या मागनं मला न्हाणीपाशी बसवलं आणि बांगड्या फोडल्या. चुलत सासूनं फोडल्या. ती बी दर रविवारी मिस्साला येणारी. दगड आमच्याच दारातला हुता.”

तो अंत्यविधी मीच केला होता. या धर्मग्रामात येऊन मला तेव्हा थोडेच महिने झाले होते. त्या घरात मी चहा घेतला होता, हेही मला आठवले.

त्यानंतर एकेक स्त्री बोलू लागली. कोणाची जोडवी काढली होती, कोणाला भाचीच्या लग्नात हळदीपासून दूर बसविले होते, कोणाच्या आईचे मंगळसूत्र शवपेटीत ठेवले होते. आजऱ्याकडील, गोव्याशी पूर्वापार नाते असलेल्या एका बाईंनी चुड्याची रीत सांगितली. गोव्याच्या कॅथलिक वधूला लग्नात चुडा भरतात, आणि पती वारला म्हणजे त्याच्या शवपेटीवर तो फोडतात, अशी ती जुनी रीत. गोव्यातील सासष्टीत किंवा बारदेशात चारशे वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेल्या घराण्यांनी नाव बदलले, वेश बदलला, जेवणातले पदार्थ बदलले. ही रीत मात्र बाप्तिस्म्याच्या पाण्यातून कोरडीच बाहेर आली.

हे कसे झाले, याचा मी नंतर बराच विचार केला. भारतातील ख्रिस्तसभेच्या इतिहासात देशी चालीरीतींचा वाद मोठा आहे. मदुरेस 1606 मध्ये आलेले फादर रॉबर्ट डी नोबिली यांनी नवख्रिस्ती ब्राह्मणांना जानवे, शेंडी व गंध ठेवू दिले. त्यावर गोव्यात वादंग माजले, प्रकरण रोमपर्यंत गेले, आणि 1623 मध्ये पोपमहोदय ग्रेगरी पंधरावे यांनी काही अटींवर परवानगी दिली. पुढे शंभर वर्षे तो वाद धुमसत राहिला. 1659 मध्ये रोमहून धर्मप्रसारकांना अशी सूचनाही झाली की, श्रद्धा व नीती यांना उघड बाधा न आणणाऱ्या लोकरीती बदलावयास लावू नयेत. ती सूचना उदार होती आणि तिचे मोल मी कमी मानीत नाही. सेमिनरीत आम्ही हा सारा वाद तारीखवार शिकलो. जानव्यावर आम्ही निबंध लिहिले. विधवेच्या बांगडीवर एखादा तास झाल्याचे मला स्मरत नाही, आणि तो का झाला नाही हे विचारण्याचे मलाही सुचले नाही. कोणती चाल धार्मिक आणि कोणती केवळ सामाजिक, हे ठरविणारे सारे पुरुष होते, त्यांतही आम्ही ब्रह्मचारी. जे सामाजिक ठरले ते निरुपद्रवी मानून सोडून दिले गेले, असा माझा तर्क आहे.

आणखी एक कारण आमच्या विधिपुस्तकातच आहे. त्यात मृताच्या घरच्या प्रार्थना आहेत, चर्चमधील मिस्साबलिदान आहे, कबरीजवळचा विधी आहे. दफनभूमीत शेवटचा आशीर्वाद दिला की पुस्तक मिटते. धर्मगुरू घरी परत आला तरी तो कुटुंबाचे सांत्वन करण्यापुरता. बांगड्या फुटतात त्या नेमक्या त्यानंतर, मागील दारी, जेथे तो कधी जात नाही. तीस वर्षांच्या आसपास मी हे पुस्तक हाती धरून अंत्यविधी करीत आलो आहे. ते मिटल्यावर काय सुरू होते, हे मला एका प्रॉटेस्टंट लेखकाच्या जुन्या कादंबरीमुळे कळले.

पदमनजींनाही सारे दिसले होते असे नाही. त्यांची यमुना ख्रिस्ती होते, पुनर्विवाह करते, आणि लेखक निश्चिंत होतो. जणू बाप्तिस्म्यापाशी विधवेचे पर्यटन संपले. पुढे ख्रिस्ती घरातील सासू काय करील, हे त्यांनी लिहिले नाही. ही त्या पुस्तकातील उणीव आहे, आणि कलेतील इतर दोषांपेक्षा मला ती मोठी वाटते. मात्र 1857 साली सव्वीस वर्षांच्या, तीनच वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने तेवढी आशा धरली, याबद्दल त्यांना बोल लावणे जड जाते. त्यांची आशा खोटी ठरविली ती आपण.

हेरवाडसारखा ठराव धर्मग्राम परिषदेने करावा, असा शिक्षिकाबाईंचा आग्रह होता. परिषदेत त्यावर दोन बैठका झाल्या. घरगुती बाबतीत चर्चने हात घालू नये, असे काही ज्येष्ठ म्हणाले. एक जण प्रांजळपणे म्हणाला की, आपण राहतो ती गल्ली सगळ्यांची; शेजारची बाई सोडते ते आपल्या बाईने ठेवले तर तिलाच बोल लागतात. हे म्हणणे मला भित्रेपणाचे वाटले नाही. ते खरेच आहे, आणि कायद्यापेक्षा गल्ली बलवान असते हे शाहू महाराजांनाही ठाऊक असावे. ठराव झाला नाही.

गेल्या पावसाळ्यात धर्मग्रामातील एक मध्यमवयीन गृहस्थ अकस्मात वारले. दफन आटोपून मी त्यांच्या घरी गेलो, प्रार्थना केली, आणि या वेळी निघालो नाही. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. माझे बसणे पुष्कळांना अवघडल्यासारखे झाले. दोनदा मला कोणीतरी रिक्षा आणू का म्हणून विचारून गेले. आत वाचनमंडळातील तीन स्त्रिया त्या बाईजवळ बसल्या होत्या. आजी मागील दाराच्या पायरीवर बसल्या होत्या. बांगड्या फुटल्या नाहीत. जोडवी मात्र रात्री नणंदेने काढली, हे मला दुसऱ्या दिवशी समजले.

पुढील पुस्तक निवडण्याची पाळी आजींची होती. मी त्यांना ‘अरुणोदय’ सुचवून पाहिले. त्या म्हणाल्या, यमुनेच्या दुसऱ्या लग्नाचा भाग वाचला त्या दिवशी गुडघ्यांमुळे त्यांना येता आले नव्हते; तेव्हा तेवढा भाग पुन्हा एकदा वाचावा, आणि या खेपेला तो त्या तरुणाने वाचावा.